अंगठा कोणाचा, पैसा कोणाचा?

हदगाव परिसरात क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीचा विषय काढला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर निश्चिंत हसू उमटते. ‘फादर, आमच्याकडं ते कार्डच नाही, मग आमचं कोण काय नेणार?’ हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. सोयाबीन, कापूस आणि हळद यांच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या या तालुक्यात क्रेडिट कार्ड बाळगणारी घरे थोडीच असतील. परंतु चोराला कार्ड हवे असते ते त्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी नव्हे. त्यावरील नाव आणि क्रमांक वापरून त्याला दुसऱ्याचे सोंग घेता येते, म्हणून ते हवे असते. सोंग घेण्यासाठी लागणारे साहित्य आज कार्ड नसलेल्या माणसापाशीही आहे. आधार, पॅन, बँकेचे पासबुक, मोबाइलचा क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा, एवढ्यावर कोणालाही काही वेळापुरते दुसराच कोणीतरी होता येते.

ही गोष्ट दूरच्या शहरातील नाही. २०२४ मध्ये हदगाव तालुक्यातच घडलेले प्रकरण अनेक वाचकांना आठवत असेल. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही योजना त्या वर्षीच्या जुलै महिन्यापासून लागू झाली आणि पात्र महिलांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये येऊ लागले. काही दिवसांतच तालुक्यातील काही पुरुषांच्या खात्यांत या योजनेचे साडेचार हजार रुपये, म्हणजे तीन महिन्यांचा हप्ता, जमा झाल्याचे उघडकीस आले. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या हकिकतीनुसार, एका सेवा केंद्राच्या चालकाने गावकऱ्यांकडून आधार कार्ड आणि पासबुकांच्या प्रती घेतल्या, त्यांच्या आधारे अर्ज भरले आणि पैसे जमा होताच ‘हे रोजगार हमीचे पैसे आहेत’ अशी बतावणी करून ते काढून घेतले, असा आरोप होता. एकूण रक्कम तीन लाखांहून अधिक होती. दोष कोणाचा आणि किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. त्याविषयी आम्ही काही म्हणणार नाही.

आम्हाला विचार करावासा वाटतो तो त्या खातेदार पुरुषांचा. त्यांच्या खिशातून एक रुपयाही गेला नाही. तरीही त्यांचे काही चोरीला गेले की नाही? आमच्या मते गेले. त्यांचे नाव त्यांना न विचारता सरकारच्या दप्तरात ‘बहीण’ म्हणून नोंदले गेले, त्यांच्या खात्यात सरकारी पैसा आला आणि गेला, आणि उद्या चौकशी झाली तर ‘पैसे तुमच्याच खात्यात आले होते, काढताना अंगठाही तुमचाच होता’ हे उत्तर त्यांच्या तोंडावर फेकले जाणार. जुलै २०२५ मध्ये राज्यभरात चौदा हजारांहून अधिक पुरुषांना या योजनेचा लाभ मिळाल्याची आकडेवारी समोर आली, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांतील किती जणांनी स्वतः लबाडी केली, किती जणांनी घरातील बाईचे खाते नाही म्हणून आपले खाते दिले आणि किती जणांचे नाव तिसऱ्याच माणसाने वापरले, याचा निवाडा त्या एका आकड्यातून होत नाही. यादीत नाव आले की माणूस बदनाम होतो. यादी कोणी भरली, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

अशा याद्या भरण्याचे काम आपल्याकडे वर्षभर चालूच असते. पीकविम्याचा अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, अतिवृष्टीच्या अनुदानाचा विशिष्ट क्रमांक, रेशन कार्डाची पडताळणी, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. प्रत्येक वेळी तीच झेरॉक्स, तोच अंगठा आणि पडद्यापलीकडे बसलेला तोच एक तरुण. या केंद्रांचे चालक सारे लबाड आहेत असे म्हणणे घोर अन्यायाचे होईल. वीज नाही, सर्व्हर बंद आहे, बाहेर रांग लागली आहे, अशा स्थितीत रात्री उशिरापर्यंत बसून लोकांची कामे करून देणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. अडचण वेगळीच आहे. पडद्यावर काय लिहिले जात आहे हे फक्त त्याला दिसते. आपल्याला दिसते ते त्याचे बोट आणि आपला अंगठा. एक रुपयात पीकविमा देणारी योजना २०२३ च्या खरिपात सुरू झाली आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने ती बंद केली. ती गुंडाळताना दिलेल्या कारणांत बोगस अर्जांचा सुकाळ हे एक प्रमुख कारण होते. दुसऱ्याच्या शेतावर, सरकारी जमिनीवर, इतकेच काय पण देवस्थानाच्या जमिनीवरही विमा उतरविला गेल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. ज्याची जमीन, त्याला पत्ता नव्हता.

अंगठ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका स्थानिक कंत्राटदाराकडून कराराच्या कागदावर हाताच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. पुढे त्या माणसाला ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणता येऊ नये, एवढाच त्यामागील हेतू होता. बोटांच्या ठशांच्या आधुनिक वापराची सुरुवात सांगताना या घटनेचा उल्लेख केला जातो. म्हणजे ठसा जन्माला आला तोच मुळी नाकारण्याची वाट बंद करण्यासाठी. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे दिले आणि पुढे त्या कागदावर काय लिहिले गेले ते जमीन गेल्यावर त्यांना कळले. पुढच्या पिढ्या शिकल्या, सही करू लागल्या, ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द हिणवण्याचा झाला. आज पदवीधर आणि निरक्षर दोघेही पुन्हा अंगठाच देत आहेत, आणि कोऱ्या कागदाची जागा आपल्याकडे पाठ असलेल्या पडद्याने घेतली आहे.

हे कसे घडते ते समजून घेणे कठीण नाही. आधारवर आधारित देयक प्रणालीत खात्यातून पैसे काढण्यासाठी तीन गोष्टी पुरतात. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा. कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, मोबाइलवर ओटीपीही येत नाही. ज्या गावात बँकेची शाखा नाही तेथील वृद्ध विधवेला निराधार योजनेचे पैसे बँक मित्राकडून दारातच मिळावेत, यासाठी ही सोय झाली आणि ती फार मोठी सोय आहे, हे आम्ही मान्य करतो. पण कार्ड हरवले तर नवे मिळते, पिन बदलता येतो. बोट कसे बदलणार? शेजारच्या तेलंगणात २०१८ मध्ये एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील खरेदीखतांवरून लोकांच्या अंगठ्यांचे रबरी ठसे तयार केल्याचे प्रकरण पोलिसांनी उघडकीस आणले. पुढे अशाच ठशांनी खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे अनेक राज्यांत नोंदले गेले.

खेड्यात मात्र रबरी ठशाचीही गरज पडत नाही. ‘लिंक गेली, मावशी, पुन्हा ठेवा अंगठा,’ एवढे वाक्य पुरते. पहिल्याच वेळी व्यवहार झालेला असतो, दुसऱ्या वेळी आणखी एक होतो. मावशींच्या हाती एकाच वेळचे पैसे पडतात. पावती मागण्याची पद्धत नाही, खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाचा असतो, मुलगा पुण्याला किंवा ऊसतोडीला गेलेला असतो, त्याच्या फोनवर आलेला संदेश तो वाचत नाही. पासबुक भरून घ्यायला तालुक्याला जाणे वर्षातून एकदा होते. तोवर कोणत्या तारखेला किती वेळा अंगठा दिला, हे कोणाला आठवणार?

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाऊन आपले बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे व डोळ्यांची खूण, कुलूपबंद करता येते. कुलूप असेपर्यंत कोणीही, अगदी आपण स्वतःही, अंगठा लावून व्यवहार करू शकत नाही. काम असेल तेव्हा ते तात्पुरते उघडायचे. अर्थात यासाठी आधारशी मोबाइल क्रमांक जोडलेला हवा, आणि रेशनच्या किंवा अनुदानाच्या पडताळणीला गेल्यावर कुलूप उघडायला विसरलो तर हेलपाटा पडतो. सत्तरीच्या आजीने हे एकटीने करावे असे आम्ही सुचविणार नाही. घरातील कॉलेजात जाणाऱ्या नातवाने रविवारी दुपारी दहा मिनिटे द्यावीत. आधारची मदतवाहिनी १९४७ या क्रमांकावर आहे. स्वातंत्र्याचे वर्ष असल्याने लक्षात ठेवायला सोपा. अंगठा देण्याआधी ‘किती रुपये टाकले ते दाखव’ असे म्हणण्यात आणि दिल्यावर पावती मागण्यात कसलाही उद्धटपणा नाही. व्यवहार फसला असे सांगितले गेले तर फसल्याचीही पावती निघते. ती मागावी.

आता ज्यांच्याकडे कार्डे आहेत त्यांच्याकडे वळू. हदगाव, तामसा, निवघा या भागांतून पुणे-मुंबईकडे गेलेल्या आणि तेथे कंपनीत, रुग्णालयात, कार्यालयात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या पाकिटात आज एक तरी कार्ड असते, आणि सणाला ती गावी येतात तेव्हा त्यांचे फोन व कार्डे सारे घर वापरते.

कार्डाच्या चोरीत यंत्राला फसविणारे थोडे आणि माणसाला फसविणारे फार, हे पुण्याने वीस वर्षांपूर्वीच पाहिले आहे. एप्रिल २००५ मध्ये तेथील एका कॉल सेंटरमधील काही तरुणांना अटक झाली. त्यांनी अमेरिकेतील सिटीबँकेच्या ग्राहकांशी फोनवर गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळते केले. कोणतीही तिजोरी फोडली गेली नव्हती, कोणतेही गणित सोडविले गेले नव्हते. ग्राहकांनी विश्वासाने सांगितलेले क्रमांक तेवढे वापरले गेले. त्यानंतर बँकिंग व्यवस्थेने एकामागून एक कड्या घातल्या. ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्ड-व्यवहारांना दुसरी खातरजमा सक्तीची झाली. काळ्या पट्टीच्या कार्डांची जागा चिपच्या कार्डांनी घेतली. २०२० पासून आपले कार्ड परदेशी व्यवहारांसाठी, इंटरनेटसाठी किंवा नुसते टेकवून पैसे देण्यासाठी चालू ठेवायचे की बंद, हे ग्राहकाला स्वतः ठरविता येऊ लागले. ही शेवटची सोय बँकेच्या ॲपमध्ये असते आणि फार थोडे लोक ती वापरतात. जे परदेशी कधी जाणार नाहीत, त्यांच्या कार्डाला परदेशाचे दार उघडे ठेवण्याचे काय प्रयोजन?

दारांना कड्या लागल्या, तेव्हा चोराने घरच्या माणसालाच कडी काढायला सांगण्यास सुरुवात केली. ‘तुमचे कार्ड बंद पडणार आहे, आलेला ओटीपी सांगा’ हा जुना प्रकार. हल्ली व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या यादीची किंवा वाहनाच्या दंडाची म्हणून एक फाइल येते. ती उघडताच फोनमध्ये एक ॲप बसते आणि यापुढे येणारे सगळे ओटीपी चोराला दिसू लागतात. मग विचारायचीही गरज उरत नाही. सरकार किंवा बँक व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवीत नाही, एवढी एकच गोष्ट घरातील प्रत्येकाने पाठ केली तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

मोठ्या बँकांवरील दरोड्यांतही आपल्या माणसांचा हात कोठे लागतो, हे पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणकप्रणालीत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. बनावट कार्डांवर अठ्ठावीस देशांतील एटीएममधून अवघ्या काही तासांत पैसे काढले गेले. सूत्रधार दूर कोठेतरी बसले होते. परंतु भारतातील एटीएमसमोर उभे राहून ती बनावट कार्डे यंत्रात घालणारे हात स्थानिक तरुणांचे होते, त्यांत मराठवाड्यातीलही होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरविले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये नांदेडची पाळी आली. शंकर नागरी सहकारी बँकेचे आयडीबीआय बँकेच्या नांदेड शाखेत जे खाते होते, त्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये परस्पर पळविले गेले, आणि ते देशभरातील शेकडो खात्यांत पांगले.

ही शेकडो खाती कोणाची असतात? चोर स्वतःच्या नावाच्या खात्यात पैसा घेत नाही. त्याला दुसऱ्याची खाती लागतात, आणि ती भाड्याने मिळतात. ‘तुझे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर दे, पाच हजार देतो’ असे सांगणारा माणूस बहुधा ओळखीतलाच असतो. नोकरी नसलेल्या तरुणाला यात गैर काही दिसत नाही. आपण चोरी केलेली नाही, खाते तेवढे दिले, असे त्याला वाटते. मग एके दिवशी दुसऱ्या राज्यातील पोलीस दारात उभे राहतात, कारण एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाच्या आयुष्यभराच्या पुंजीची वाट त्याच्या खात्यातून गेलेली असते. येथे ओळख चोरीला गेलेली नसते, विकली गेलेली असते. आपल्या युवक मंडळांतून करिअरवर, व्यसनमुक्तीवर व्याख्याने होतात. या विषयावर एकही झालेले आम्हाला आठवत नाही. ही उणीव आमचीच.

पॅन कार्डाची कथा थोडक्यात सांगतो. २०२२ च्या सुरुवातीला देशभरातील अनेकांना असा शोध लागला की मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या एका ॲपवर त्यांच्या पॅन क्रमांकावर भलत्यानेच कर्ज उचलले आहे. कर्ज थकले, पत खराब झाली ती ज्याचे पॅन त्याची. वर्षानुवर्षे खत-बियाण्याचे कर्ज वेळेवर फेडणारा शेतकरी बँकेत जातो आणि ‘तुमचा सिबिल खराब आहे’ हे ऐकून परततो, त्यामागे कधी असेही कारण असू शकते. सिबिलसारख्या चारही पतमापन कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आपल्या नावावर किती कर्जे आहेत ते त्यात दिसते. त्याचप्रमाणे आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर २०२३ पासून पाहता येते, आणि जे आपले नाही ते बंद करण्यास सांगता येते. हे एकदा तरी पाहावे.

धर्मगुरूचे सोंगही आता घेतले जाते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तेथील भाविकांना सावध केले होते की, धर्मगुरूंच्या नावाने ई-मेल येतात, कोणा आजारी माणसासाठी तातडीने गिफ्ट कार्डे मागितली जातात, आणि लोक श्रद्धेपोटी ती घेऊन क्रमांक पाठवून देतात. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर एखाद्या फादरांचे छायाचित्र लावून पैसे मागणे तर त्याहून सोपे. तेव्हा स्पष्टच सांगतो. आमच्या नावाने पैसे मागणारा संदेश आला तर आमच्या जुन्या क्रमांकावर फोन करावा, आणि आम्ही उचलला नाही तर पैसे पाठवू नयेत. आम्हाला राग येणार नाही. पोलिसाचे सोंग घेऊन व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणाऱ्यांविषयी पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून देशाला सांगितले आहे. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही.

इतके सांगूनही माणसे फसणारच. फसल्यावर ती काय करतात, हा आम्हाला अधिक चिंतेचा विषय वाटतो. ती गप्प बसतात. नवरा बायकोला सांगत नाही, सून सासूला सांगत नाही, शिकलेला मुलगा ‘लोक हसतील’ म्हणून कोणालाच सांगत नाही. आमच्यापर्यंत गोष्ट येते ती आठ-दहा दिवसांनी, तीही दुसऱ्याच एखाद्या कामाच्या निमित्ताने, निघता निघता. आणि नेमके हेच दिवस मोलाचे असतात. चोरलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. तो तासाभरात चार-सहा खात्यांतून फिरतो आणि कोठेतरी रोख होऊन बाहेर पडतो. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला, किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार केली, तर ती बँकांना कळविली जाते आणि पैसा जेथे पोहोचला असेल तेथे गोठविण्याचा प्रयत्न होतो. तक्रारीला उशीर होईल तसा गोठविण्याजोगा पैसा कमी उरतो.

बँकेकडून भरपाई मिळण्याची गोष्टही दिवसांवरच ठरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून तत्त्व घालून दिले. ग्राहकाची चूक नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी व्यवस्थेतील छिद्र वापरले, अशा प्रकरणी तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर नुकसान ग्राहकाने सोसायचे नाही. चार ते सात दिवस लागले तर ठराविक मर्यादेपर्यंत सोसायचे. त्यानंतर बँकेचे धोरण असेल त्याप्रमाणे. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या परिपत्रकाने बँकेवर टाकली. त्याच वर्षाअखेर सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले. स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे आपल्याच चुकीने फसलेल्या माणसालाही लवकर बोलण्यात लाभ आहे. तक्रार लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी. ‘साहेब रजेवर आहेत’ हे पोच न देण्याचे कारण होत नाही. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यासाठी वकील लागत नाही. पोलीस ठाण्यातही जावे. दुसऱ्याची ओळख वापरणे आणि संगणकाच्या वा फोनच्या आधारे सोंग घेऊन फसविणे, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क आणि ६६-ड खाली गुन्हे आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसलेल्या माणसाविरुद्ध मात्र कोणतेही कलम नाही. त्याला हसणाऱ्यांसाठीही नाही, हे खरे तर दुर्दैव.

हा लेख लिहिताना आमच्याच कार्यालयातील कपाट आम्हाला आठवले. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश, पूरग्रस्तांची मदत, शिवणवर्गाची नोंदणी, अशा अनेक चांगल्या कामांसाठी वर्षानुवर्षे आम्ही आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती मागवीत आलो. काम झाले, प्रती राहिल्या. त्या कपाटाला कुलूप होते, पण किल्ली खिळ्याला टांगलेली असे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला. कपाटातील नुसते कागद त्याच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून आम्ही सुटलो, इतकेच.

गेल्या महिन्यात ते गठ्ठे आम्ही सोडले. काही प्रती कशासाठी घेतल्या होत्या ते कोणालाच सांगता येईना. काही माणसे आता हयात नाहीत. यापुढे प्रत मागायची झाल्यास आधार क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दाखविणारी, ज्याला ‘मास्क्ड आधार’ म्हणतात ती प्रत घ्यायची, तिच्यावर कारण आणि तारीख आडवी लिहून घ्यायची, आणि काम संपताच ती ज्याची त्याला परत द्यायची, असे ठरले. जुन्या प्रती जाळण्यापूर्वी रविवारी मिस्सानंतर लोकांना बोलावून हाती देण्यास आरंभ केला. फार जण आले नाहीत. आलेल्यांत एक आजी होत्या. त्यांच्या नावाच्या पाच प्रती निघाल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, पदराखाली धरल्या आणि विचारले, ‘फादर, इतके दिवस तुमच्याजवळ होतं म्हणून मला घोर नव्हता. आता हे मी कुठं ठेवू?’